सिपिवोंचा स्वेटर

केपटाउनच्या प्रयोगशाळेत नोबांतू मास स्पेक्ट्रोमीटर चालवायची. प्रथिनाचे तुकडे तोलायचे, त्याची साखळी वाचायची आणि तिची दोन्ही टोकं शोधून काढायची, हेच तिचं काम. कुणी लोकरीचं घालून आत आलं की ती अंगावर धावून जायची, कारण एक धागा उडाला तरी पडद्यावर मेंढीचं प्रथिन उमटायचं. ऐकायचे नाहीत ते फक्त तिथले म्हातारे संशोधक सिपिवो, ज्यांना ती ताता, म्हणजे बाबा, म्हणायची.

"ताता, तो स्वेटर बाहेर काढून या!"

"अगं, थंडीने मेलो तर तुझ्या शिव्या कोण खाईल?"

त्या हिवाळ्यात ते खरंच गेले. सापाच्या विषातल्या एका प्रथिनाचं शेवटचं टोक त्यांना वर्षभर हुलकावणी देत होतं, ते तसंच राहिलं. बायकोने त्यांना त्याच स्वेटरात पुरलं. बटणं नोबांतूनेच लावली.

पुढे तिने त्या विषाचा नमुना पुन्हा यंत्रात घातला. पडद्यावर मेंढी! तिने खोली पुसली, नळ्या बदलल्या, कोरा ॲप्रन घातला. पुन्हा मेंढी, आधीपेक्षा जास्त. आणि लोकरीच्या त्या गर्दीत विषाचं ते टोकही होतं, शेवटच्या कडीपर्यंत स्वच्छ.

सिपिवोंच्या रिकाम्या खुर्चीकडे न बघताच ती म्हणाली, "सापडलं, ताता. आता घरी जा."

पुढच्या नमुन्यात लोकरीचा मागमूस नव्हता. खोली रोजच्यासारखीच उबदार होती, पण नोबांतूला दिवसभर थंडी वाजत राहिली.