आल्चे हसली नव्हती

“तू हसलीस की नाही, एवढंच सांग.”

“नाही.”

“मी माईकपाशी उभा होतो, आल्चे. समोरच तू. दात दिसले तुझे.”

“भुंकताना कुत्र्याचेही दात दिसतात. ते काय हसत असतं?”

वोल्तर मांडागीनं आपल्या बहिणीकडं पाहिलं. “ऐक ओल्फी. कुत्रं मी म्हटलं नाही हं, तीच म्हणाली.”

ओल्फी खुदकन हसली. आल्चेनं हातातली बांबूची नळी जमिनीवर अशी आपटली, की आतले तांदूळ आणि नारळाचं दूध ओल्फीच्या गुडघ्यापर्यंत उडालं.

“अगं, तुझ्या आईची माती ओली आहे अजून,” ओल्फी गुडघा पुसत म्हणाली. “आज तरी भांडू नका.”

“हे त्याला सांग. काल तर माती आजच्याहून ओली होती.”

रविवारची दुपार होती. आल्चेच्या आईला, ओमा म्हणजे आजी कॉर्नेलियाला, काल पुरलं होतं. सकाळी सगळं घर काळे कपडे घालून देवळात जाऊन आलं होतं, आणि संध्याकाळी मंडळीतली माणसं पुन्हा सांत्वनाला येणार होती. घरापुढचा बांबू-ताडपत्रीचा मांडव, ज्याला इथं सबुआ म्हणतात, तो तसाच उभा होता. प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवल्या होत्या. मागच्या अंगणात जाळ पेटवून बांबूतला भात भाजायचा होता, बियापोंग, म्हणजे सारण भरलेले पाव, वाफवायचे होते, कॉफीचं आधण टाकायचं होतं. आणि आल्चे कालपासून नवऱ्याशी बोलली नव्हती. आत्ता बोलायला लागली ती अशी.

तोंदानोच्या तळ्याकाठच्या गावांमध्ये कुणी गेलं की प्रार्थना होते, गाणी होतात, आणि मग कुणीतरी उठून गमती सांगतो. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. रडून रडून चेहरा सुजलेल्या विधवेला एकदा तरी हसू फुटावं, म्हणजे तिच्या घशाखाली घास उतरेल, असं सगळे मानतात. वोल्तरला त्यासाठी लांबलांबून बोलावणी येत. तो बाजाराच्या गाडीचा ड्रायव्हर. पण गाडी चालवणारा वोल्तर कुणाच्या लक्षात राहायचा नाही. माईक धरलेला ओम वोल्तर, म्हणजे वोल्तरकाका, मात्र पोराटोरांना पाठ होता.

आणि त्याच्या प्रत्येक गोष्टीत आल्चे असायची.

देवदूत गब्रीएल दारात आला तर पाय पुसून ये म्हणणारी आल्चे. नोहाच्या तारवात हत्तीच्या जागेवरून भांडणारी आल्चे. भात करपवणारी, उपदेशात घोरणारी, स्वर्गाच्या दारात सुट्टे मागणारी आल्चे. खऱ्या आल्चेचा भात कधी करपला नव्हता. पण बाजारात बियापोंग द्यायला गेली की लोक मावशीच्या नात्यानं विचारायचे, “तांते आल्चे, खरंच का हो तुम्ही पाळकबाईंना कोंबडीच्या लग्नाचं विचारलंत?” ती हसून टोपली खाली ठेवायची. पहिली काही वर्षं ते हसणं खरं होतं.

कारण हसरी तीच होती. लग्नाआधी ती देवळात हसली, तर पाळक उपदेश थांबवून वर बघायचे. नाताळच्या नाटकात वोल्तर मेंढपाळ झाला होता. गव्हाणीपुढं गुडघे टेकताना त्याची दाढी सुटून बाळ येशूवर पडली. सगळे गप्प राहिले. आल्चे एकटी हसली, आणि अशी हसली, की मागून येणारी, ज्ञानी लोक झालेली पोरंही हसत वाटेतच बसली. वोल्तर दाढी हातात घेऊन कोण हसलं ते शोधत राहिला. त्या हसण्याशी त्यानं लग्न केलं, असं तो अजून सांगतो. पुढं त्यानं त्या हसण्याचं काय केलं, ते सांगत नाही.

सबुआत तो पुढं उभा असायचा, ही मागं चुलीशी. ताडपत्रीतून हसू ऐकू आलं की आल्चेला कळायचं, आता हत्तीची गोष्ट चालू आहे, आता सुट्ट्या पैशांची. बायका कपबशा घेऊन मागं यायच्या आणि तिच्याकडं बघून पुन्हा हसायच्या. ती कॉफी ओतत राहायची.

“लोकांना बरं वाटतं गं,” वोल्तर म्हणायचा. “तुझं काय झिजतं?”

काय झिजतं ते तिला सांगता यायचं नाही. म्हणून ती गप्प बसायची. गेल्या दोन वर्षांत मात्र घरात आई होती, आणि आईपुढं ह्या सगळ्याचं काही वाटेनासं झालं होतं.

ओमा कॉर्नेलिया सगळं विसरली होती. घर विसरली, नवऱ्याचं नाव विसरली, आणि एका सकाळी आल्चेला म्हणाली, “भाजीवाली बाई, रोज रोज येतेस, तुझ्या घरी कुणी नाही का?” त्या दिवसापासून आल्चे भाजीवालीच राहिली. आईचं अंग पुसायची, केस विंचरायची, ओली चादर काढायची. आई ओरडायची, “बघा हो, ही भाजीवाली माझे कपडे काढतेय!” भाताचा घास भरवला तर थुंकायची.

वोल्तरचं तसं नव्हतं. तो दारात दिसला की म्हातारी टाळ्या वाजवायची, “माझा येडा आला!” तो कोंबड्यासारखा आरवायचा, ती हसायला तोंड उघडायची, आणि तो चमचा आत सारायचा. वाटी संपायची. हे आल्चेनं कधी नाकारलं नाही. वोल्तर नसता तर आई आधीच उपाशी गेली असती. दाराआड उभी राहून ती आईचं हसणं ऐकायची, त्यात तिला बरंही वाटायचं, आणि नवऱ्याला चमच्यासकट बाहेर ढकलून द्यावंसंही वाटायचं.

आई अगदी थकली, तेव्हा एका पहाटे आल्चेनं त्याला विचारलं होतं. दोघं अंथरुणातच होते. “वोल्तर, वर गेल्यावर मा मला ओळखेल का?”

हा प्रश्न तिनं कुणालाच विचारला नव्हता. प्रार्थनेतसुद्धा नाही, कारण देवानं उत्तर दिलं नाही तर काय करायचं, याची भीती होती. वोल्तर काही बोलला नाही. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि उजाडेपर्यंत तसाच ठेवला. आल्चेला ते उत्तर वाटलं. लग्नानंतर त्यानं दिलेल्या सगळ्या उत्तरांत तिला तेच सर्वांत आवडलं होतं.

आणि काल संध्याकाळी तो माईकपाशी उभा राहून म्हणाला होता, “आमची ओमा आता वर पोचली असेल. स्वर्गाच्या दारात पेत्र विचारतो, आजी, घरचं कोण कोण? ओमा म्हणते, एक जावई आहे, देखणा. आणि मुलगी? मुलगी नाही बुवा, एक भाजीवाली होती, फार त्रास द्यायची.” लोक हसायला लागले. तो थांबला, कुठं थांबायचं ते त्याला पक्कं माहीत. “आता आमची आल्चे मला अंथरुणात विचारते, वोल्तर, वर गेल्यावर मा मला ओळखेल का? मी म्हटलं, त्यात काय, भाजीची टोपली घेऊन जा!”

सबुआ हलला. ओल्फीनं मांडी बडवली. पाळकबाई रेगिना रुमालानं डोळे टिपत होत्या. पहिल्या रांगेत काळ्या कपड्यांत बसलेल्या आल्चेकडं सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि आल्चेनं दात दाखवले. दुसरं काय करणार होती?

“त्या पहाटे तू असं काही बोलला नव्हतास,” आता ती जाळाशी उभी राहून म्हणाली. “टोपलीबिपली काही नाही. तू गप्प होतास.”

“गप्प राहण्याची गोष्ट कशी सांगणार माईकवर?”

“सांगायचीच नाही!”

“अगं, लोक रडत होते. तू रडत होतीस. मी बघत बसू? मला दुसरं काय येतं?” वोल्तरचा आवाज पहिल्यांदाच चढला. “देवानं मला हसवणं दिलंय. म्हातारपणी पोर होईल म्हटल्यावर सारा हसली, तेव्हा देवानं शाप दिला का तिला? उलट पोरगा दिला! आणि तीही तुझ्यासारखीच म्हणाली होती, मी हसले नाही. देव म्हणाला, हसलीसच.”

“देवानं तिला तंबूच्या दाराशी विचारलं. मांडव घालून, गावाला कॉफी पाजून नाही विचारलं. आणि अब्राहाम नंतर गावोगाव सांगत फिरला का, माझी बायको बघा, नव्वदीची म्हातारी, हिला मूल हवंय?”

मुलगी इंजिलिया केळीची पानं पुसत होती. ती हळूच म्हणाली, “मा, पण गोष्ट चांगली होती. पा काही वाईट हेतूनं...”

“तूही हसलीस?”

इंजिलियानं मान खाली घातली.

“हसलीस ना? ओमाच्या चादरी मी धुतल्या. तू शहरात होतीस. हसायला बरी आलीस वेळेवर.”

“आता पोरीवर घसर,” ओल्फी म्हणाली. “आल्चे, शोकात माणसाला राग येतो, मला कळतं. पण प्रभूच्या लोकांनी असं तोंड पाडून बसू नये. आपल्याला पुनरुत्थानाची आशा आहे.”

“मग त्या आशेबद्दलच विचारलं होतं मी त्याला! दुसरं काय विचारलं होतं?”

 ओल्फी बांबू जाळावर तिरपे लावायला लागली.

तेवढ्यात पाळकबाई आल्या. संध्याकाळी कुठली गाणी घ्यायची ते ठरवायला. तरुण, नीटनेटकी बाई. मागच्या दारानं येताना त्यांनी चपला काढल्या आणि सगळ्यांचे चेहरे बघून तिथंच थांबल्या.

“या या, पाळकबाई,” वोल्तर पुढं झाला. त्याला सुटका दिसली होती. “तुम्हीच सांगा. काल माझ्या गोष्टीत पाप होतं का? तुम्ही तर हसलात.”

“हसले,” पाळकबाई म्हणाल्या. “खोटं कशाला बोलू. पण घरी गेल्यावर मला बरं वाटलं नाही, ओम वोल्तर.”

“घरी गेल्यावर!” आल्चे म्हणाली. “सगळ्यांना घरी गेल्यावरच वाईट वाटतं. मी तर घरीच होते.”

पाळकबाई लाकडी बाकावर बसल्या. “तांते आल्चे, तो प्रश्न तुम्ही खरंच विचारला होता?”

 आल्चे वाटेवरच्या अनोळखी माणसाला रस्ता विचारावा तशी म्हणाली, “हो. ओळखेल का?”

पाळकबाईंनी लगेच उत्तर दिलं नाही, हे आल्चेला आवडलं. त्या जाळाकडं बघत विचार करत होत्या. “मग्दालीया मरीयेनंही प्रभूला ओळखलं नव्हतं,” त्या सावकाश म्हणाल्या. “कबरेपाशी तो पुन्हा जिवंत होऊन समोर उभा होता, तरी नाही. इतकं प्रेम होतं, तरी नाही. तिला वाटलं, हा माळीच आहे. मग त्यानं तिला नावानं हाक मारली, आणि...”

“माळी!” वोल्तरनं मांडीवर थाप मारली. “बघ आल्चे! माळी आणि भाजीवाली! टोपली घेऊन जा, हे मी बरोबरच सांगितलं होतं!”

त्याला थांबता आलं नव्हतं. शब्द बाहेर पडल्यावर त्याच्याच चेहऱ्यावर ते दिसलं. पण ओल्फी हसली होती. इंजिलिया पान तोंडापुढं धरून हसली होती. पाळकबाईंनी ओठ आवळले, तरी खांदे हललेच. आणि आल्चेच्याही पोटातून काहीतरी वर आलं, नाताळच्या नाटकातलं ते जुनं, आडदांड, न आवरणारं हसू. गोष्ट चांगली होती. वोल्तरच्या सगळ्या गोष्टी चांगल्या असत. तिनं ते हसू घशाशी धरलं आणि गिळलं. एवढा राग तिला नवऱ्याचा आयुष्यात कधी आला नव्हता.

“माफ करा, तांते,” पाळकबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “मी सांगत होते...”

“तुम्ही सांगाल. आत्ता नाही. इथं सांगून उपयोग नाही.”

“आल्चे, सुटलं तोंडातून,” वोल्तर म्हणाला. “देवाशपथ सुटलं. शांतता झाली की मला काहीतरी होतं. तुझी आई गेली, मलाही... मला रोज टाळ्या वाजवायची ती.” तो जाळाकडं वळला, आणि त्याची पाठ जरा हलली. ओल्फीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

आल्चेनं ते पाहिलं. दया आली, पण राग त्यामुळं कमी झाला नाही. दोन्ही शेजारी शेजारी बसून राहिले. तिनं कमरेचा ॲप्रन सोडला, घडी घातली आणि त्याच्यासाठी बाकावर ठेवला.

“आज संध्याकाळी ओमाबद्दल काय सांगू मग?” वोल्तरनं न वळता विचारलं. “लोक वाट बघतील. नवी एखादी, तुझं नाव नसलेली...”

“नाही,” आल्चे म्हणाली. “आज तू माईक हातात घ्यायचा नाहीस. माबद्दल मी बोलणार आहे. मागचं काम तू आणि ओल्फी बघा, आणि बियापोंग गरम आहेत तोवर वाटा.”