लंडनचं विमान साडेतीन तासांत

हसायचं नाही असं कबूल करा, मग सांगतो. लेकीला बघायला लंडनहून मुलगा आला आणि मी त्याच्याशी खजुरावर बोलत बसलो!

त्याचं असं झालं. मी प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात. प्रवास कुणाचाही असो, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ आणि अंतर डायरीत लिहायचं, ही माझी जुनी सवय. लेकीला, केतकीला, आमच्याच शहरातल्या गोरव्याचं स्थळ आलं. मुलगा लंडनला नोकरीला, फोटो बघूनच तिच्या मनात भरलेला. त्याच्या आईने फोनवर आमच्या हिला सांगितलं, "निखिल पहाटे साडेतीनला निघाला. थेट विमान आहे, दुपारी साडेबाराला अमदाबादला उतरेल."

मी लगेच डायरी उघडली. लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, एवढं मला कळतं. मी काय अडाणी आहे? तिथले साडेतीन म्हणजे इथले सकाळचे नऊ. नऊ ते साडेबारा, झाले साडेतीन तास. अंतर जवळजवळ सात हजार किलोमीटर. म्हणजे ताशी दोन हजार! हे विमान की तोफेचा गोळा?

आता तुम्हीच सांगा, साडेतीन तासांत अमदाबादला कोण पोचतो? दुबईवाला!

"अगं, हा लंडनला नाहीच," मी हिला म्हटलं. "दुबईत बसून लंडन सांगतोय."

"अहो, व्हिडिओत त्याच्या मागे बर्फ दिसला होता!"

"फ्रीज उघडा राहिला असेल."

रविवारी निखिल आईवडिलांबरोबर घरी आला. पोरगा फारच सालस. मला तेच जास्त खटकलं!

"काय मग, तिकडे खजूर ताजा मिळत असेल?"

"मिळतो काका... डब्यातला."

"आणि वाळू?"

"कसली वाळू?"

"उंटबिंट?"

"प्राणिसंग्रहालयात असेल एखादा," तो बिचकत म्हणाला.

केतकीने पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता माझ्याकडे डोळे वटारले. मुलाच्या आईने पर्स जवळ ओढली. वडिलांनी कप खाली ठेवला. "भाऊ, मनात काय आहे ते बोलून टाका ने!"

मी डायरी पुढे केली. निखिलने पान अगदी शांतपणे वाचलं.

"काका, गणित बराबर आहे. फक्त ते साडेतीन इथलेच होते. तिथे तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. आईला सोपं जावं म्हणून मी तिला नेहमी इथलीच वेळ सांगतो."

म्हणजे इथल्या वेळेत मी आणखी साडेपाच तास घातले होते! केतकीचे डोळे भरून आले. आईला इतकं जपणारं स्थळ, आणि मी ते उंटावर बसवून परत पाठवत होतो.

निखिलचे वडील गंभीरपणे म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे. पण तुम्ही एवढी चौकशी केलीत, तर आमचाही एक प्रश्न."

"विचारा ना," मी घाम पुसला.

"डोक्याने ती आईवर गेलीय ना?"

मी तोंड उघडायच्या आत ही आणि केतकी एका सुरात म्हणाल्या, "हो!"