जुनी राणी, नवी राणी

आमच्या घरी बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं नसतात. लग्न होऊन आले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सासरे मुंबईला कारखान्यात कामाला होते. गणपतीला आणि शिमग्याला गावी येत आणि दर खेपेला पत्र्याचा एक चित्राचा डबा घेऊन येत. बिस्किटं दोन दिवसांत फस्त होत, डबा मात्र कायमचा मुक्कामाला राही. आमच्या रत्नागिरीच्या पावसात मिठापासून आगपेटीपर्यंत सगळं सादळतं, त्यामुळे घट्ट झाकणाच्या डब्याला भलताच मान. झाकण चमच्याच्या दांड्यानं उचकटावं लागे.

सासूबाईंना लिहितावाचता येत नाही. त्यांनी डबे चित्रांवरून ओळखायला सुरुवात केली आणि हळूहळू ती नावं आतल्या जिनसांनाच चिकटली. मांजरीच्या पिल्लांच्या डब्यात आमसुलं, म्हणून आमसुलं म्हणजे मांजरं. बर्फातल्या बंगल्यात कुळथाचं पीठ, म्हणून पिठी करायची तर बंगला काढायचा. घोडागाडीत बसलेल्या कुठल्याशा राणीच्या पोटात सुकट. 'आमटीत दोन मांजरं टाक' असं मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं, तेव्हा मी माहेरी पत्र लिहायच्या बेतात होते.

फळीवर हे डबे ओळीनं लावलेले असत आणि त्यांच्यावरून घराचा इतिहास कळे. सगळ्यांत जुना पोपट, जाड पत्र्याचा, बिजागरीचा, सासऱ्यांच्या पहिल्या नोकरीतला. बंगला सोनेरी काठाचा, घरात वीज आली त्या वर्षीचा. पुढे कारखान्याचं रडगाणं सुरू झालं तसा पत्राही पातळ होत गेला आणि राण्या-बंगल्यांच्या जागी नुसती फुलं आली. आता भेट म्हणून येतात ती पुठ्ठ्याची खोकी. आषाढात ती मान टाकतात.

माझ्या लग्नाला महिनाही झाला नव्हता, तेव्हा नणंदेला बघायला माणसं यायची ठरली. स्थळ सासऱ्यांना फार पसंत होतं. नणंदेला नर्सिंगला जायचं होतं, पण तिला कोण विचारतो? सासरे खास रजा काढून आले आणि येताना डबा घेऊन आले. नेमकी तीच राणी, तीच घोडागाडी. त्यांना वाटलं, जोडी होईल. सासूबाईंनी मला बजावून ठेवलं की वरच्या फळीवर जुनी राणी, खालच्या फळीवर नवी राणी, पाहुण्यांना नवी द्यायची.

आमच्याकडे बिस्किटं बशीत काढून देत नसत. तसं केलं तर डब्याचं चित्र कोण बघणार? अख्खा डबा पाहुण्यांपुढे ठेवायचा, चार जणांनी राणीकडे पाहून घेतलं की मग झाकण काढायचं. मी खालच्या फळीवरचा डबा नेला, कौतुक होऊ दिलं, आणि चमच्याचा दांडा घालून झाकण उचकटलं.

आत सुकट होती. चांगली गच्च भरलेली. त्या दिवशी संकष्टी होती आणि मुलाच्या आईचा कडक उपास. तिनं पदर नाकाला लावला तो थेट गाडीत बसेपर्यंत. मी इतकी गडबडले की झाकण लावायचं सोडून वर म्हणाले, "घ्या ना."

आठवड्यानं पत्रिका जमत नसल्याचा निरोप आला. पुन्हा लगेच दुसरं स्थळ शोधण्याची सासऱ्यांना हिंमत झाली नाही आणि तेवढ्यात नणंद नर्सिंगला गेली. मी मात्र गावभर 'सुकटवाली' झाले. कुणाच्या घरी पाहुणे येणार असले की मला हसत हसत सांगत, तू नको हां येऊ. मी हसायचे. घरी येऊन रडायचे, तेही खरं.

तीस वर्षं गेली, सासरे गेले. यंदा गणपतीला नणंद मुंबईहून आली, बरोबर तिची लेक. नणंदेला राणीचा डबा हवा होता, हॉलमध्ये शोभेला ठेवायला म्हणे. तो हातात घेतल्यावर ती एकदम हसत सुटली आणि म्हणाली, "वहिनी, फळीवरचे डबे मी बदलले होते त्या दिवशी."

माझ्या हातातलं तबक मी खाली ठेवलं. मला राग आला, आणि तो लपवावासा वाटला नाही. तीस वर्षं मी ऐकून घेतलं आणि ही बाई मजेत होती. मी तिला काही बोलणार तोच बाजेवरून सासूबाई बोलल्या.

"मना म्हायत व्हतां. माज्यासमोर बदललान तिनं. मनाबी तां स्थळ नको व्हतां, पन ह्यांच्यापुढं बोलनार कोन?"

मी विचारलं, मग मला का बोलू दिलंत सगळ्यांना?

"तू नवी व्हतीस गो," त्या शांतपणे म्हणाल्या. "नव्या सुनंवर ढकललां की घरचा कोन अडकत नाय."

मी मांजरांचा डबा काढला आणि सोलकढीच्या तयारीला लागले. भाची मात्र माझ्याकडे बघत बसली होती. तिलाही आता स्थळं येताहेत. तिची आईच मागे लागली आहे, मुलगा चांगला आहे, नोकरी काय, नंतरही करता येईल. हे मला भाचीनंच परसात नेऊन सांगितलं.

डबा काही नणंदेला तेव्हा नेता आला नाही, सामान फार झालं होतं. मागाहून पाठवते म्हटलं. परवा भाचीचा मेसेज आला. "मामी, रविवारी माणसं येतायत. राणी माझ्या नावानं पाठव. रिकामी नको."

काल नाटे बंदरावरून नवी सुकट आणवली. आज एक ऊन देऊन भरते आहे, आणि कुणी विचारलं तर या वेळीही नाव माझंच सांग असं तिला कळवलं आहे.