शेवटच्या माणसाचा पोशाख

उन्हाला घरात शिरायला दार लागत नाही, हे मी त्या गावात पाहिलं. छपरं उतरवलेल्या घरांमधून वैशाखाचं ऊन सरळ चुलीपर्यंत येऊन बसलं होतं; जन्मभर अंधाराची सवय असलेले कोनाडे उघडे पडले होते, आणि देवळीतल्या तेलाच्या डागाला मुंग्या लागल्या होत्या. केवढी ती निःशब्दता! भुंकायला कुत्रंसुद्धा उरलं नव्हतं.

बांगलादेशच्या लढाईआधीचा तो उन्हाळा. नगरला मी शाळेत चित्रकला शिकवायचो आणि आमच्या हौशी नाटकमंडळींची वेषभूषा, रंगभूषा सांभाळायचो. त्या वर्षीचं नाटक जगबुडीनंतर उरलेल्या एकुलत्या एका माणसाचं होतं. प्रयोग पंधरा दिवसांवर आला, तरी तो माणूस दिसतो कसा, हे मला सुचेना. अशात कळलं, की राहुरीकडचं एक गाव पावसाळ्यात धरणाच्या पाण्याखाली जाणार आहे आणि माणसं चौकटी, तुळया, कौलं गाड्यांत भरून नव्या जागी गेली आहेत. आयती जगबुडी, तीही एस.टी.नं जाता येण्याजोगी! मी वही घेऊन निघालो.

दुपारपर्यंत अधाशासारखी चित्रं काढली. भिंतीवरची काजळी त्याच्या कातडीला, गोठ्यातलं तुटकं दावं कमरेला, अंगावर गोणपाटाची लक्तरं. जटा, वाढलेली नखं, पिसाट डोळे. उजाड जागी राहणारा माणूसही उजाडच दिसणार, नाही का? मी स्वतःवर बेहद्द खूष होतो. आपण कुणाच्या तरी ओट्यावर बसलो आहोत, हे अशा वेळी कुठलं सुचायला?

मग एका घरात पाऊल टाकलं, ते घसरलंच. जमीन ओली होती. छप्पर नाही, दार नाही, आणि अजून गाव न सोडलेली एक मध्यमवयाची बाई गुडघ्यांवर बसून सगळं घर शेणानं सारवत होती. माझ्या बुटांचे दोन ठसे तिच्या कामावर उमटले. मी ओशाळलो. कशाला आलो ते सांगितलं, आणि शहाणपणा करून विचारलं, की जे पाण्यातच जायचं ते सारवायचं कशाला?

"पानी यायचंय न्हवं घरात, मास्तर?" ती म्हणाली, "कुनी येनार म्हनल्यावर घर तसंच पारुसं ठेवायचं व्हय?"

मग तिनं वहीत डोकावून माझा जटाधारी न्याहाळला. "ह्याला कुनी न्हाई, ते दिसतंय. पर म्हनून आंगूळ बी सोडली का ह्यानं?" एवढं बोलून तिनं माझ्या ठशांवरून पुन्हा हात फिरवला आणि मागं सरकत सरकत दाराच्या मोकळ्या जागेपर्यंत गेली. मी तिचं चित्र काढत राहिलो.

मला फार लाज वाटली. सर्वनाश म्हटलं की आपल्याला मळ आणि जटाच का आठवतात? कदाचित ज्यानं कधी काही गमावलेलं नसतं, त्यालाच तसं सुचत असावं. ज्याचं खरोखर जातं, त्याचे हात नेहमीचं काम शोधतात.

नगरला येऊन आधीची चित्रं फाडली. माझा शेवटचा माणूस गुळगुळीत दाढी केलेला, धुतलेल्या धोतरातला. पडदा उघडतो तेव्हा तो जमीन सारवत असतो. दिग्दर्शक कडाडले, "अरे, ही जगबुडी आहे की साखरपुडा?" पण मी हटलो नाही. प्रयोगाला लोक आधी हसले, पण शेवटी बराच वेळ कुणी उठेना.

नंतर रंगपटात येऊन जो तो विचारू लागला, की कल्पना कुणाची? 'एका बाईंची,' एवढंच मला सांगता आलं. तिच्या लुगड्याच्या ठिगळांचे रंगसुद्धा मी वहीत टिपून घेतले होते. पण तिचं नाव विचारलं नव्हतं, आणि आता राहायला कुठं चाललात, हेही नाही.