आयचे शब्द, पक्के नाय

सोमवार होता. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. वॉचमनने इंटरकॉमवर सांगितलं, "साहेब, तिसऱ्या माळ्यावर जा, हरेशसाहेबांना काहीतरी झालंय." लिफ्टची वाट न पाहता मी दोन जिने उतरलो. हॉलमध्ये चौघं होती. हरेशची बायको वंदनावहिनी, त्यांची मुलगी ईशा, दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर आणि सोफ्यावर हरेश. डॉक्टरांनी त्याचा हात खाली ठेवला होता आणि ते उभे राहिले होते. त्यावरून मला कळलं. वय एकोणपन्नास. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं नेहमीसारखं चाललो होतो, चाळीस मिनिटं, आणि त्याला धाप लागलेली मला आठवत नाही. मी ते पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं आहे... नव्हती लागली.

आज त्याला नऊ आठवडे झाले. हरेश मूळचा शिरवणे गावचा, आगरी. त्याची आय, म्हणजे आई, अजून गावठाणातल्या घरी धाकट्या मुलाकडे राहते. हरेश ऐरोलीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि नेरूळला आमच्या सोसायटीत राहायचा. मी साताऱ्याकडचा, शिरवण्याजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात तपासणी प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं नोकरी करतो. तो मला "मानेसाहेब" म्हणायचा, आणि चिडवायचं असलं की नुसतं "घाटी". ओळख झाली ती सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून. टाकीची क्षमता नोटीस बोर्डावर चुकीची लिहिली होती आणि ती चूक आम्ही दोघांनीच पकडली होती.

हरेशच्या कंपनीत त्याचं पद काहीही असो, त्याचं खरं काम वेगळंच होतं. शंभर माणसं एकाच प्रोग्रामवर काम करतात, तेव्हा कोणी, कधी, कुठली ओळ बदलली याची वही ठेवणारी एक व्यवस्था असते. गिट म्हणतात तिला. ती अडली, की सगळे हरेशला फोन लावायचे. चालता चालता फोन यायचा आणि मला एकाच बाजूचं बोलणं ऐकू यायचं. "हां, बोल. रडू नको आधी. शेवटचं काय केलंस ते सांग. खरं सांग... ते नाय, त्याच्या आधी." मग तो ऐकून घ्यायचा. "कमिट केलं होतंस का? केलं होतंस ना? मग उडालं नाय ते, हरवलंय. हरवलेलं सापडतं." कमिट म्हणजे वहीत पक्की नोंद करणं. एकदा कोणाच्या तरी पडद्यावर डोकं धडापासून सुटल्याची सूचना आली होती. गिटमध्ये तशी सूचना खरोखरच येते. हरेश रस्त्यात थांबून हसला. "अरे, मुंडकं सुटलंय तर सुटू दे. जिथं उभा हायस तिथंच नवी ब्रँच काढ, बसेल परत धडावर." ब्रँच म्हणजे नोंदींची वेगळी फांदी. फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "मानेसाहेब, यंत्रात काय बिघडत नाय. माणूस घाबरतो आनि चार बटनं जास्त दाबतो, त्यानी बिघडतं."

तीन वर्षांपूर्वी त्याने आईचे शब्द लिहून घ्यायला सुरुवात केली. मिठागरांतले, खाडीतले, भातशेतीतले. मिठागरं गेली, खाडीकाठच्या खाजणावर इमारती उभ्या राहिल्या, आणि ते शब्द वापरणारी माणसं त्याच्या घरात एकच उरली होती. ऑफिसच्या सवयीने त्याने ती यादी गिटमध्येच ठेवली. एका ओळीत एक शब्द आणि त्याच्यापुढे अर्थ. मला म्हणाला, "तुमी जगाच्या चुका काढता, माझ्यापन काढा." मला गिट येत नव्हतं. चार रविवारांत त्याने शिकवलं. माझ्या चुका मी कागदावर उतरवून ठेवत होतो. पहिल्या महिन्यात एकवीस झाल्या. काय बदललं याचा निरोप धड न लिहिता नोंद केली, चुकीच्या ब्रँचवर नोंद केली, सर्व्हरवर, म्हणजे दोघांना दिसणाऱ्या सामायिक प्रतीत, पाठवायलाच विसरलो. प्रत्येक वेळी त्याचा एकच प्रश्न असायचा, शेवटचं काय केलंत.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र कागदावर नाही, त्या यादीतच आहे. मला वाटलं, हरेशचं शुद्धलेखन कच्चं आहे. पानी, लोनी, कोन... एका बैठकीत मी सगळीकडे 'न'चा 'ण' केला आणि मोठ्या समाधानाने निरोप लिहिला, "शुद्धलेखन दुरुस्ती, २११ जागा." दुसऱ्या दिवशी हरेश घरी आला. चिडला नव्हता. माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, तुमच्या साहेबांनी काय केलं ठाऊक हाय? माझ्या आयचे दात पाडले आनि शुद्ध कवळी बसवली." ती इतकी हसली की तिला बसावं लागलं. मी ओशाळलो. ती नोंद इतिहासातून पुसूनच टाकायची सोय आहे असं मी कुठेतरी वाचलं होतं, तसं करू का, असं मी त्याला विचारलं. तेव्हा तो गंभीर झाला. "तुमच्या लॅबमधी चुकीचा आकडा पडला तर काय करता? रबरानी खोडता?" म्हटलं, नाही. त्यावर एक रेघ मारतो, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. "मग झालं. हितंपन तेच. जे दुसऱ्यांपर्यंत गेलंय ते पुसायचं नाय. उलटी नोंद करायची." त्या दिवशी मी रिव्हर्ट शिकलो. २११ 'न' परत आले. माझी नोंद आणि तिची उलटी नोंद, दोन्ही माझ्या नावावर तिथेच आहेत.

आम्ही दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली की गिट पुढे जायला नकार देतं आणि दोघांचं लिहिलेलं एकाखाली एक मांडून ठेवतं. ऑफिसातली पोरं त्याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात आणि घाबरतात. हरेश म्हणायचा, "भांडन नाय हो ते. तो बिचारा विचारतोय, दोघांचं येगळं आलं, कोनचं ठेवू?" असं झालं की आम्ही सरळ शिरवण्याला चालत जायचो आणि त्याच्या आईला विचारायचो. 'भांग' या शब्दापुढे मी केसांतला भांग असा अर्थ लिहिला होता. हरेशने लिहिलं होतं, अष्टमीच्या सुमारास भरती जोर धरत नाही तेव्हाचं पाणी. आय ओट्यावर मासळी साफ करत होती. तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं. "तुज्या डोकीला कुठं भांग उरलाय रं? खाडीचाच ठेव." त्या ओळीचा निकाल तिथेच लागला.

हे सगळं मी सविस्तर लिहितो आहे कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. गेल्या वर्षाअखेरीपासून हरेश यादीबद्दल बोलेनासा झाला. रविवारी सकाळी तो एकटाच गावाला जायचा. मी विचारलं, की म्हणायचा, "चाललंय. पक्कं झालं की पाठवतो." मी फार खोदलं नाही. मला वाटलं, उत्साह ओसरला असेल. माणसाच्या बाबतीत मी इतक्या लवकर निष्कर्ष काढला, याचं मला आता वाईट वाटतं. कारखान्यात मी एका नमुन्यावरून निष्कर्ष काढत नाही.

तो गेल्यानंतर सहाव्या आठवड्यात वंदनावहिनींनी बोलावलं. "भाऊ, ह्यांचा घरचा लॅपटॉप ईशाला कॉलेजसाठी द्यायचाय. शनिवारी दुकानात देतेय, सगळं साफ करून नवीन टाकून देणार आहेत. तुमचं त्यात काही आहे का?" माझं काही नव्हतं. पण घरी येऊन मी सर्व्हरवरची यादी उघडली. हरेशची शेवटची नोंद तो जाण्याच्या चार महिने आधीची होती. त्यानंतरच्या सात नोंदी माझ्याच, किरकोळ. चार महिने म्हणजे सोळा-सतरा रविवार, आणि त्यातला एकही रविवार यादीत नव्हता. तो रिकामा बसणारा माणूस नव्हता. जे काही होतं ते त्या लॅपटॉपमध्ये होतं, आणि शनिवारी ते पुसलं जाणार होतं.

शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या टेबलाशी बसलो. वहिनींनी पासवर्ड टाकला आणि त्या बाजूला उभ्या राहिल्या. कुठल्याही गोष्टीला हात लावण्याआधी मी यादीच्या पूर्ण फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. त्यानेच लावलेली शिस्त. मग स्थिती पाहिली. सगळं स्वच्छ, बदललेलं काही नाही. इतिहास पाहिला. सर्व्हरवर होता तेवढाच. दुसऱ्या ब्रँचेस, एकही नाही. वहिनींनी विचारलं, "काही नाही का?" मी म्हटलं, अजून बघतो, पण माझ्याकडे बघण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. कमिट न केलेलं सापडत नाही, असं त्याच्याच तोंडून मी कितीदा ऐकलं होतं. मग एक गोष्ट आठवली. अर्धवट काम पक्कं न करता बाजूला सारून ठेवायची एक सोय गिटमध्ये असते, स्टॅश. ते काम फक्त त्याच यंत्रावर राहतं, सर्व्हरवर कधीच जात नाही. मी स्टॅशची यादी मागितली. एक ओळ आली. "आयचे ६३ शब्द, पक्के नाय."

वेळ होती तो जाण्याच्या आदल्या दिवसाची, रविवार, दुपारी बारा चाळीस. दर रविवारी तो हे बाहेर काढत असणार, भर घालत असणार आणि परत बाजूला ठेवत असणार. मी ते उघडलं. कॉन्फ्लिक्ट आला नाही. आला असता तर दोघांचं लिहिलेलं एकाखाली एक दिसलं असतं, बरं वाटलं असतं...

प्रत्येक शब्दापुढे अर्थाच्या जोडीला त्याने बारीक टिपणं ठेवली होती. पहिल्यांदा मला वाटलं, उच्चाराच्या खुणा असतील. वाचत गेलो तसं कळलं. "मागच्या रविवारी बोलली, आज आठवला नाय." "आज दुसराच शब्द सांगितला." "परत बरोबर." "आज मना वळखलं नाय, मंग अर्ध्या तासानी वळखलं." आय विसरत चालली होती. एखादा शब्द तिने ओळीने दोन रविवार तोच सांगितला, तरच तो पक्का, असा त्याने स्वतःशी नियम केला होता. आमच्याकडे दुबार चाचणी म्हणतात तसा. आणि पहिला रविवार जुळला तर दुसरा जुळत नव्हता. म्हणून ते सगळं चार महिने बाजूला पडून होतं. रोज चाळीस मिनिटं माझ्या शेजारून चालणाऱ्या माणसाने यातलं एक अक्षर मला सांगितलं नव्हतं. वहिनी माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मला म्हणायचे, आय मजेत आहे."

त्रेसष्टपैकी बासष्ट ओळी पूर्ण होत्या. शेवटच्या ओळीत अर्थ होता आणि शब्दाची जागा कोरी. अर्थ असा: "मीठ धरायच्या आधी, वारा पडला की पान्यावर पैली पातळ साय येते ती. हात लावला की मोडते."

लॅपटॉप शनिवारी दुकानात गेला. रविवारी मी शिरवण्याला गेलो. आय ओट्यावर बसली होती. हरेश गेल्याचं तिला सांगितलेलं आहे, ती रडलीही आहे. पण काही दिवशी ते तिच्याजवळ असतं, काही दिवशी नसतं. मी शेजारी बसून ती ओळ वाचून दाखवली. तिचा चेहरा एकदम उजळला. दोन्ही तळवे उपडे करून तिने हवेत अलगद पसरले, जणू खाली पाणी आहे, आणि ते तसेच धरून ठेवले. "हां, हां. तीच. सकालची येते. पोरं हात घालाची, मी वरडाची त्यांना." म्हटलं, आय, तिला म्हणतात काय? ओठ हलले. हात तसेच होते. मग तिने ते मांडीवर ठेवले.

"मना नाय आठवत रं. हरेशला इचार ना. त्याला ठाव हाय."

आतून तिची धाकटी सून दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. मी म्हटलं, "बरं आय, विचारतो."

घरी येऊन पेनड्राइव्हवरच्या प्रतीतून नोंद करायला बसलो. गिटमध्ये प्रत्येक नोंदीवर दोन नावं असतात. एक ज्याने लिहिलं त्याचं, दुसरं ज्याने नोंदवलं त्याचं. बहुतेक वेळा दोन्ही नावं एकच असतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. लिहिणाऱ्याच्या जागी मी हरेशचं नाव घातलं आणि त्याचीच वेळ, रविवार, बारा चाळीस. नोंदवणाऱ्याच्या जागी माझं नाव. त्याच्या टिपणांतलं काहीही गाळलं नाही. पक्के नसलेले शब्द पक्के नाहीत असंच लिहून ठेवले. शेवटच्या ओळीतली जागा कोरी ठेवली आणि ती चुकून राहिली आहे असं कोणाला वाटू नये म्हणून निरोपात तसं लिहिलं: "आयचे बासष्ट शब्द. त्रेसष्टावा हरेशला विचारायचा आहे." मग ते सर्व्हरवर पाठवलं.