घासून टाकलेला नंबर

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझ्या काकूंना ओळखत नाही.

आधी एक सांगतो, माझं छान चाललंय. वरूडला संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे, पोरगी सासरी सुखात आहे, पडल्या पडल्या झोप लागते. मनात खोट असली की झोप लागत नाही म्हणतात ना? लागते. मस्त लागते.

माझे काका फौजेत होते. निवृत्त होऊन चांदूर बाजारला आले आणि पुढं लकव्यानं खाटेला खिळले. वाचाही गेली. त्यांच्या लोखंडी पेटीत एक फौजी चाकू होता — पोलाद असं, की जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधून कलमं करणाऱ्या माणसाचा हात शिवशिवावा. पण साल चिरायला पातं पातळ लागतं, आणि हे होतं जाड. हंगामापुरता नेला तर कोणाला कळतंय? न विचारताच उचलला आणि पातं घासून पातळ करायला धारवाल्याकडे टाकला. मुठीजवळ, पात्यावर एक नंबर ठोकलेला होता. धारवाल्यानं विचारलं, "नंबर जाईन, चालते काय?"

"जाऊ दे," मी म्हटलं. "त्याले काय चाटाचं हाय?"

हंगाम झकास गेला. चाकू गुपचूप पेटीत परत ठेवला.

पुढच्याच वर्षी काका गेले. महिन्याभरानं काकूंनी बोलावलं आणि तोच चाकू माझ्या हातात दिला. तो काकांचा नव्हताच! सीमेवर बर्फाखाली गेलेल्या त्यांच्या जोडीदाराचा होता. त्याचं नाव काकूंना ठाऊक नव्हतं — काका त्याला नुसतं 'उस्ताद' म्हणायचे. पण शिपाई आपल्या सामानावर स्वतःचा नंबर ठोकून ठेवतात, एवढं त्या ऐकून होत्या.

"त्या नंबरावरून त्याच्या घरचा पत्ता लागते," त्या म्हणाल्या. "त्याच्या लेकरायले बापाची एक तरी वस्तू भेटली पायजे. मले आता दिसत नाही बाबू, तूच वाचून दे."

तेव्हाच सांगता आलं नसतं? एका वाक्याचं काम होतं. मी काय केलं — चाकू घेऊन अकोल्याला एका निवृत्त सुभेदारांकडे गेलो. नंबर नसतानाही काही कळलं तर आपली चोरी झाकली जाईल, ही आशा. त्यांनी तो उलटापालटा केला. चाकू फौजेचाच, म्हणाले, पण कोणाचा ते आता कोणीच सांगू शकणार नाही. मग माझ्याकडे बघत विचारलं, हे पातं घासलं कोणी? मी खांदे उडवले.

परत येऊन काकूंना सांगितलं, "नंबर गंजानं खाल्ला."

त्या म्हणाल्या, "म्हंजे मायाच हातानं झालं. ह्यायनं सांगतलं होतं, त्याले तेल लावत जाय म्हणून. मीच आळस केला." आणि काकांच्या फोटोपुढं हात जोडून रडायला लागल्या.

अजूनही वेळ गेली नव्हती, नाही का? मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"जाऊ द्या काकू," मी म्हटलं. "होते असं. तुमी मनाले लावून नका घेऊ."

त्यांना खरंच बरं वाटलं. डोळे पुसून त्यांनी मला जेवायला वाढलं, आणि मी पोटभर जेवलो. माझ्या चुकीबद्दल मी काकूंना माफ करून टाकलं होतं.