सुधाकरनं न केलेली खूण

सुधाकर कधी 'झालं' म्हणायचा नाही. माझा गिझर दुरुस्त केला तरी म्हणे, "अण्णा, झालंय असं वाटतंय. उद्या पाण्यात हात घालून सांगा." मी चौथी पास; चाळीस वर्षं लेथवर काढली. माझं काम एकतर बरोबर, नाहीतर भंगारात. त्याचं हे बोलणं मला लेचंपेचं वाटायचं.

माणूस निपाणीकडचा, एकटा, पन्नाशीचा. इलेक्ट्रॉनिक सिटीत माझ्या वरच्या खोलीत सात वर्षं राहिला. संगणकाच्या अगदी गाभ्यातलं, कर्नेलचं काम करायचा. शेवटी शेवटी आठवड्यातून दोनदा डायलिसिस. ते कंपनीच्या विम्यावर चालायचं.

त्याचं काम मी हट्टानं समजून घेतलं. मशीनची मेमरी सांकेतिक अक्षरांत असते, चोरानं मेमरीची पट्टी उपसून नेली तरी हाती कचराच लागावा म्हणून. मशीन कोलमडलं की दुसरं छोटं कर्नेल जागं होतं आणि मेलेल्याची मेमरी वाचून ठेवतं, का मेलं ते कळावं म्हणून. पण त्यासाठी मेमरीच्या नकाशात त्या जागेवर 'ही सांकेतिक आहे' अशी खूण लागते. "खूण राहिली अण्णा, की चांगली मेमरीपण कचरा दिसती."

एका गिऱ्हाइकाची मशीनं कोलमडू लागली. दर वेळी वाचायला जावं तर कचरा. सुधाकरच्या साहेबांनी ठरवलं, पट्ट्याच खराब झाल्यात. आणि त्या बसवणाऱ्या इराप्पाला, कंत्राटी माणसाला, काढून टाकलं. चार महिन्यांनी सुधाकरच्या लक्षात आलं, खूण राहिली होती. प्रोग्रॅममधली ती ओळ त्याचीच.

जेवताना त्यानं मला सांगितलं. मी म्हणालो, "गुपचूप दुरुस्त कर. विमा गेला तर मरशील."

"पट्ट्या चांगल्या आहेत अण्णा. त्या माणसाचा हात चांगला आहे. हे कुणी सांगायचं?"

"इतके दिवस कुणी सांगितलं?"

"कुणाला ठाऊक नव्हतं की. आता मला ठाऊक झालंय."

त्यानं खूण केली, मशीन मुद्दाम पाडून पाहिलं. मेमरी स्वच्छ वाचता आली. बिघाड भलत्याच प्रोग्रॅममध्ये निघाला. त्यानं सगळं लेखी कळवलं. महिन्याभरात त्याच्याकडून राजीनामा घेतला. इराप्पाला परत बोलावलंच नाही.

"चला, त्याला सांगून येऊ," सुधाकर मला म्हणाला. इराप्पा शिवाजीनगरात मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्यात बसला होता. सुधाकर दारातूनच म्हणाला, "इराप्पा, चूक माझी होती. तुझं काम बरोबर होतं."

इराप्पानं हातातला स्क्रू ड्रायव्हरही खाली ठेवला नाही. "सरी, बरं सर. आमच्या वडलांना, अप्पांना सांगता काय? गेल्या महिन्यात गेले. शेवटपर्यंत विचारत होते, खरंच तू मोडलंस काय रे."

"उशीर झाला मला."

"होय की. स्वल्प उशीर झाला."

रिक्षात मी त्याला मूर्ख म्हणालो, ते त्यानं ऐकून घेतलं. विमा गेल्यावर दोन डायलिसिसचं एकावर आलं, मग तेही चुकू लागलं. पाय सुजून जिना चढवेना, तेव्हा त्याची गादी मी खाली माझ्या खोलीत आणली. सहा महिन्यांत तो गेला.

मी सगळ्यांना फोन केले. कंपनीतलं कुणी आलं नाही. त्यांना मी अजून शिव्या देतो. इराप्पाही आला नाही. त्याला देत नाही.